गिअरचा दांडा ढिला आणि खालून घरघर : बॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

दांड्याच्या जोडातला बुश (पिनभोवती बसणारी छोटी नळी) बदलला, थोडे दिवस बरं चाललं, परत दांडा ढिला. परत बुश, परत तेच. न्यूट्रलमध्ये दांडा खिचडीच्या गंजात पळी फिरवल्यासारखा फिरतो, तिसरा टाकायला जावं तर पाचव्यात जातो, रिव्हर्स तर नशिबावर, आणि सोबत खालून घरघर चालूच. मग एक मिस्त्री म्हणतो पूर्ण बॉक्स खोलावा लागते, दुसरा म्हणतो जाड ऑईल टाका आवाज दबून जाईल, तिसरा म्हणतो ह्या मॉडेलचं असंच राहते भाऊ, चालवा. नागपुरात वाडीपासून कापसीपर्यंत कोणत्याही ट्रकवाल्याला विचारा, ह्या तिघांपैकी एक तरी त्याला भेटलेलाच असते.

माझं म्हणणं असं की ढिला दांडा आणि आवाज ह्या दोन वेगळ्या तक्रारी धरून चला, जोपर्यंत गाडी स्वतः दाखवत नाही की मूळ एकच आहे. दांड्याचा ढिलेपणा बहुतेक वेळा बॉक्सच्या बाहेरचा असतो, आवाज कधी बॉक्सच्या आतला, कधी क्लचचा, कधी मागच्या जॉईंटचा. दोन्ही एकत्र करून "गिअर बॉक्स गेला" म्हणलं की काम मोठं होते, बिल मोठं होते, आणि बॉक्स परत बसवल्यावर दांडा तसाच ढिला राहते कारण त्याचा बॉक्सशी काही संबंधच नव्हता. आणि दुसरी गोष्ट, बुश पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष बुशचा नाही, त्याला कोणीतरी खाऊन राहिलंय, तो कोण ते शोधायचं.

आधी दांडा घेऊ, कारण ते फुकटात कळते.

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद, हँडब्रेक, चाकाला पुढून मागून गुटके. केबिन टिल्ट होणारी गाडी असेल तर केबिन पूर्ण उचलून लॉक लागला की नाही ते हातानं हलवून बघा, नुसतं बघून भागत नाही, अर्धवट उचललेल्या केबिनखाली डोकं घालणारे पोट्टे पाहिले की अंगावर काटा येतो. आता तुमच्या गाडीत दांडा ते बॉक्स जोडणी कोणती आहे ते पाहा. तीन प्रकार नेहमी दिसतात. एक, दांडा सरळ बॉक्सच्या टॉप कव्हरमध्ये घुसलेला, पिकअप आणि बोनेटवाल्या गाड्यांत असतो तसा. दोन, दांड्याखालून लांब रॉड निघून मागं बॉक्सपर्यंत जातो, मधी बॉल जॉईंट, पिव्होट, एखादा आडवा शाफ्ट. तीन, केबलवाला, दोन केबल असतात, एक डावी-उजवी हालचाल नेते आणि एक पुढची-मागची. ढिलेपणा शोधायची पद्धत तिन्हीत एकच आहे, पण जागा वेगळ्या.

एक माणूस वर बसवा आणि त्याला सांगा दांडा हळूहळू हलव, झटके नको. तुम्ही खाली. लाईन अर्ध्यातून तोडायची, म्हणजे दांड्यापासून बॉक्सपर्यंत जेवढे जोड आहेत त्यातला मधला जोड आधी पकडायचा. वर दांडा चार बोटं हलला आणि मधला रॉड हललाच नाही तर ढिलेपणा मधल्याच्या वर आहे, खाली उतरायची गरज नाही. मधला लगेच हलला पण बॉक्सवरचा शिफ्ट लिव्हर उशिरा हलला तर खालच्या अर्ध्यात आहे. मग त्या अर्ध्याचा परत अर्धा. जिथं एक बाजू हलते आणि दुसरी थांबून मग हलते तोच जोड. त्या जोडावर बोट ठेवा, टक लागते, डोळ्याला न दिसणारा खेळ बोटाला कळतो. ह्याला कुठलंही टूल लागत नाही आणि तरी दहातले निम्मे लोक हे न करता सरळ बुश किट घ्यायला जातात.

दिशा पण बघायची. दांडा डावीकडं-उजवीकडं जास्त फिरत असेल, म्हणजे गिअरच्या कोणत्या गाळ्यात (रांगेत) आहो तेच कळत नाही, तर सिलेक्टवाली बाजू, पिव्होट पिन, दांड्याच्या बुडाचा बॉल आणि त्याची कप. पुढं-मागं जास्त असेल तर शिफ्टवाला रॉड, त्याची बॉल एंड, आणि सर्वात शेवटी बॉक्सच्या आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा). दोन्हीकडं सारखाच ढिला असेल तर दांड्याचं बूड, कारण दोन्ही हालचाली तिथूनच निघतात.

उभ्या गाडीत इंजिन चालू असताना दांडा तडतड वाजतो आणि हात ठेवला की गप्प? ते बॉलच्या वरची स्प्रिंग किंवा नायलॉन कप. डोकं लावू नका, तेवढंच बदला.

आता जी टेस्ट लोक करत नाहीत ती. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात रिकाम्या रोडवर हळू चालवा, ॲक्सिलरेटर दाबा, सोडा, दाबा, सोडा, आणि नजर सोबतच्या माणसाची दांड्यावर, तुमची रोडवर. दाबल्यावर दांडा एकीकडं जातो आणि सोडल्यावर दुसरीकडं परत येतो असं दिसलं, तर इंजिन किंवा गिअर बॉक्सचं माऊंटिंग रबर गेलंय. थोडीशी हालचाल प्रत्येक गाडीत असते, पण दांडा स्पष्ट डुलत असेल तर इंजिन-बॉक्स दोन्ही चेसिसवर नाचून राहिलेत आणि दांड्याची जोडणी मधात ओढाताण खाऊन राहिली आहे. अशा गाडीत तुम्ही सोन्याचा बुश टाका, जाणारच. माऊंटिंगवर तेल गळत असेल तर ते रबर फुगून मऊ होते, वरून चांगलं दिसते, पण पट्टीनं जरा उचलून पाहिलं की मेटलपासून सुटलेलं सापडते. लिंकेज रॉडवाल्या गाडीत माझा पहिला संशय नेहमी माऊंटिंगवर राहतो, नंतर बुश.

केबलवाल्या गाडीत थोडं वेगळं. तिथं केबलच्या टोकाची प्लास्टिकची कप बॉलवरून ढिली होते, नाहीतर बाहेरचं कव्हर धरणारा ब्रॅकेट सैल होतो. ब्रॅकेट सैल असला की केबल खेचल्या जाते पण अर्धी ताकद ब्रॅकेट वाकवण्यात जाते, गिअर अर्धवट बसतो आणि लोडवर सटकतो. लोक समजतात सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी आतली रिंग) गेला. केबल सायलेन्सरच्या जवळून गेली असेल, मागच्या कामात कोणी क्लिप परत लावली नसेल, तर आतलं लायनर गरम होऊन जड चालते. तिथं ढिलेपणा कमी आणि जडपणा जास्त जाणवतो.

बुश परत परत का जातो ह्यावर आपल्याकडचं कारण सांगतो, धूळ. कोराडी-खापरखेड्याची राख उचलणाऱ्या गाड्या, उमरेडकडून कोळसा आणणाऱ्या गाड्या, गिट्टी-मुरमाचे टिप्पर, ह्यांचा दांड्याखालचा रबर बूट फाटलेलाच असते. राख पिठासारखी बारीक, ती जोडात जाते, वरून क्लिनर मोठ्या मनानं ग्रीस भरतो, आणि राख अधिक ग्रीस म्हणजे झाला घासायचा मसाला तयार. काही नायलॉन बुश तर कोरडेच चालायला बनवले असतात, त्यांना ग्रीस लावलं की धूळ चिकटवून घेतात. म्हणून बुशसोबत बूट बदला, आणि ग्रीस लावायचं की नाही ते कंपनीच्या पुस्तकात बघा. बुश बदलताना जुनी पिन कापडानं पुसून नखानं तपासा. पिनला एका बाजूनं खाच पडली असेल, गोल राहिली नसेल, तर नवीन बुश तिच्यावर पहिल्या दिवसापासूनच ढिला आहे. ते भोक पण लांबट झालं असते कधी कधी, तिथं वेल्डिंग भरून परत बोअर मारतात, ते बरोबर माणसानं केलं तर टिकते. वेल्डिंग मारताना रॉड जरा जरी वाकडा झाला तर मात्र एका गाळ्यात गिअर पूर्ण बसणार नाही आणि तो सटकणारा गिअर शोधत तुम्ही बॉक्स खोलाल.

ड्रायव्हरचा हात हाही एक भाग आहे. सवय असते दांड्यावर हात ठेवून चालवायची. आत फोर्क एका फिरणाऱ्या स्लीव्हच्या खाचेत बसलेला असते आणि गिअर पडल्यावर त्याला तिथं मोकळं राहायचं असते, हाताचं वजन पडलं की फोर्क स्लीव्हला घासत राहते. फोर्क झिजला की दांडा पुढं-मागं ढिला वाटतो आणि गिअर पूर्ण आत जात नाही. ड्रायव्हरला हे रागावून सांगून उपयोग नाही, झिजलेला फोर्क एकदा हातात द्यावा लागते.

बाहेरचं सगळं घट्ट निघालं तरी दांडा ढिला असेल तेव्हा टॉप कव्हर खोलायचं. ह्यासाठी बॉक्स उतरवावा लागत नाही बऱ्याच गाड्यांत. खोलायच्या आधी दांडा न्यूट्रलला आणि कव्हरच्या आजूबाजूची माती हवेनं साफ, नाहीतर तीच माती आत. दांड्याच्या टोकाचं बोट झिजून गोल झालंय का, रेलवरच्या (फोर्क ज्या रॉडवर बसतो त्याच्यावरच्या) खाचा रुंद झाल्या का, बॉल-स्प्रिंग तुटली का, ते बघायचं. गिअर टाकताना जो टक असा ठोका हाताला लागतो तो ह्या बॉल-स्प्रिंगचा. ठोका एकाच रेलवर गायब असेल तर त्या रेलची स्प्रिंग, सगळ्यांवर गायब असेल तर खोलायची वेळ झालीच. रेलच्या मधात एक इंटरलॉक पिन असते जी दोन गिअर एकाच वेळी पडू देत नाही, ती झिजली किंवा मागच्या कामात बसवायची राहिली तर कधीतरी दोन गिअर सोबत पडतात आणि बॉक्स जाम. चालत्या गाडीत असं झालं तर चाक जागेवर लॉक होऊ शकते, म्हणून पिन मोजून काढा, मोजून बसवा.

आता आवाज.

आवाजाचं काम सकाळी करायचं, तर्री-पोहे झाले की लगेच, रोडवर गर्दी कमी असते आणि कान ताजे असतात. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन आयडलला, क्लच सोडलेला. आता ऐका. मग क्लच पूर्ण दाबा आणि परत ऐका. क्लच सोडलेला असताना घरघर आहे आणि दाबल्यावर बंद होते, तर आवाज त्या भागाचा जो क्लच दाबल्यावर थांबतो, म्हणजे बॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद आत आणणारा), त्याचं बेअरिंग, आणि खाली त्याच्याशी कायम दाते अडकवून फिरणारा ले शाफ्ट. उलटं असेल, सोडलेला असताना शांत आणि पेडल दाबताच चीं किंवा खर्र सुरू, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणारं). पेडलला नुसता पाय टेकवताच सुरू झालं तर जवळपास नक्कीच रिलीज बेअरिंग, पूर्ण दाबल्यावरच आलं तर फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग पण संशयात घ्या, कारण ते तेव्हाच फिरते जेव्हा फ्लायव्हील चालू आणि इनपुट शाफ्ट थांबलेला असते. ह्या दोन्हीत गिअर बॉक्सच्या आत काही खराब नाही. बॉक्स उतरेल, पण खुलणार नाही, आणि मजुरीत फरक मोठा आहे.

एक तिसरा आवाज आहे ज्याच्यापायी लोकांचे चांगले बॉक्स खोलल्या गेलेत. आयडलला न्यूट्रलमध्ये खडखड, जणू डब्यात नट हलवून राहिले, आणि रेस जरा वाढवली की साफ गायब. इंजिन आयडलला एकसारखं फिरत नाही, प्रत्येक सिलिंडरचा धक्का वेगळा बसतो, तो धक्का गिळायला क्लच प्लेटमध्ये गोल स्प्रिंगा असतात. त्या ढिल्या झाल्या किंवा आयडल फार खाली असला किंवा एखादा इंजेक्टर बरोबर मारत नसला की धक्के थेट दात्यांवर जातात आणि दाते एकमेकांवर आपटतात. आधी आयडल बरोबर करा, इंजेक्टर तपासा, मग क्लच प्लेट. ह्या सगळ्यात बॉक्सचा काहीच गुन्हा नाही.

उभ्या गाडीचं झालं, आता चालवून. मोकळा रोड घ्या, हिंगण्याकडं किंवा बुटीबोरीच्या पुढं जिथं जमते तिथं, आणि गिअर एक एक करून प्रत्येकात थोडा वेळ ओढून आणि थोडा वेळ ॲक्सिलरेटर सोडून ऐका. एकाच गिअरात आवाज, बाकी शांत, तर त्या गिअरचे दाते किंवा त्याचं सुई बेअरिंग. सगळ्या गिअरांत आवाज पण डायरेक्ट गिअरमध्ये एकदम कमी, तर ले शाफ्टचं बेअरिंग, नाहीतर इनपुट आणि मेन शाफ्टच्या (मागं चाकांकडं ताकद नेणारा) मधातलं छोटं बेअरिंग जे इनपुट शाफ्टच्या पोटात बसते. कारण असं की डायरेक्टमध्ये ताकद इनपुटवरून सरळ मेन शाफ्टवर जाते, ले शाफ्ट नुसता रिकामा फिरतो, त्याच्यावर वजन नसते, आणि ते पोटातलं बेअरिंग तर दोन्ही शाफ्ट सोबत फिरत असल्यानं थांबल्यासारखंच राहते. फक्त ध्यानात ठेवा, ओव्हरड्राईव्हवाल्या बॉक्समध्ये सर्वात वरचा गिअर डायरेक्ट नसते, त्याच्या खालचा असते. हे माहीत नसलं की टेस्ट उलटी वाचल्या जाते.

डायरेक्टमध्येही तेवढाच आवाज असेल तर इनपुटचं मोठं बेअरिंग किंवा मागचं आउटपुट बेअरिंग. आणि आवाज इंजिनच्या रेससोबत न बदलता गाडीच्या स्पीडसोबत बदलत असेल, गिअर कोणताही असो, तर बॉक्सच्या मागं जा. प्रोपेलर शाफ्टचे (बॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा) क्रॉस, सेंटर बेअरिंग, बॉक्सच्या मागची आउटपुट फ्लँज, मागच्या ॲक्सलमधला क्राऊन गिअर. गाडी बंद, चाकाला गुटके, मग शाफ्ट हातानं पिळा आणि वर-खाली हलवा. क्रॉसमध्ये खेळ असेल तर लगेच टक लागते. फ्लँज हलत असेल तर मधला नट सैल आहे, तो घट्ट करून पाहा, कधी कधी तिथंच विषय संपतो. नट सैल असला की ऑईल सील पण गळते, मग लोक सील बदलत राहतात. आणखी एक, शाफ्ट कोणी आधी काढून बसवला असेल तर दोन्ही तुकड्यांवरच्या बाणाच्या खुणा समोरासमोर आहेत का पाहा. एक दाता इकडं-तिकडं बसला की गाडी थरथरते आणि ती थरथर महिनोन्महिने बॉक्सचं मागचं बेअरिंग खाते.

बेल हाऊसिंगचे (क्लचवरचं कव्हर, ज्यानं बॉक्स इंजिनला जोडल्या जाते) बोल्ट हेही असंच एक दुर्लक्षित प्रकरण. क्लचचं काम झाल्यावर एक-दोन बोल्ट कमी लावले, किंवा डॉवेल पिन (जागा नेमकी धरणारी पिन) हरवली, की बॉक्स इंजिनच्या सरळ रेषेत राहत नाही. इनपुट बेअरिंगवर आडवा ताण येतो, घरघर सुरू होते, गिअर सटकतो, दांडा पण जागा बदलल्यासारखा वाटतो. इथं मात्र दोन्ही तक्रारींचं मूळ एक निघते. आवाज क्लचच्या कामानंतर सुरू झाला असेल तर आधी पाना घेऊन हेच बोल्ट.

ऑईलबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पहिला नियम, भरायचा नट आधी खोला, काढायचा नंतर. भरायचा नट जाम निघाला आणि तुम्ही खालून सगळं ऑईल काढून बसले असाल तर गाडी तिथंच उभी. लेव्हल सपाट जागी, भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, बोट वाकवून लागलं पाहिजे. कमी असलं की वरच्या बेअरिंगला शिंतोडे पोचत नाहीत, जास्त भरलं की फेस होतो आणि सीलमधून बाहेर येते.

आणि नंबर. क्राऊनसाठी आणलेलं डब्यातलं उरलं म्हणून तेच गिअर बॉक्समध्ये ओतायची पद्धत आपल्याकडं फार आहे. क्राऊनचे दाते एकमेकांवर घसरत चालतात, त्यांना जीएल-५ दर्जाचं, गंधक-फॉस्फरसचे ॲडिटिव्ह जास्त असलेलं ऑईल लागतेच. पण सिंक्रोवाल्या बॉक्समध्ये पितळी रिंगा असतात, त्यातलं गंधक काही ऑईलांत पितळाला खाते, आणि वरून रिंगेला पकड पाहिजे असते ती ऑईलच्या निसरडेपणामुळं मिळत नाही, म्हणून कितीतरी बॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असते. तुमच्या बॉक्सला काय सांगितलंय ते पुस्तकात किंवा बॉक्सच्या प्लेटवर पाहा, मिस्त्रीच्या तोंडावर जाऊ नका, माझ्याही नाही. नंबरची पट्टी पण इंजिन ऑईलची वेगळी आणि गिअर ऑईलची वेगळी, ९० नंबरचं गिअर ऑईल जाडीला साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑईलएवढंच असते, त्यामुळं "९० म्हणजे लय जाड" हा गैरसमज आहे.

१४० नंबरचं ऑईल टाकून आवाज दबतो, हे खरं आहे. पण बेअरिंग दुरुस्त होत नाही, फक्त तुमच्या कानाला कळणं बंद होते, आणि डिसेंबरात सकाळी पारा १० च्या खाली गेला की गिअर पडता पडत नाही. उन्हाळ्यात उलटं. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ डिग्रीला गेला होता, अशा उन्हात भरल्या गाडीचं ऑईल पातळ होते, म्हणून सकाळी नसलेला आवाज दुपारी येतो. दुपारी येणारा आवाज दुपारीच तपासा, गाडी गरम असताना. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर आवर्जून गरम करून चालवायची, विकणारे जाड ऑईल टाकतात, काही महाभाग लाकडाचा भुसा पण टाकतात.

ऑईल काढलंच आहे तर ड्रेन नटचा मॅग्नेट पाहा. राखाडी मऊ गाळ, बोटावर शाईसारखा पसरणारा, तो चालते, दाते थोडे झिजणारच. सोनेरी चमक असेल तर पितळ आहे, सिंक्रो रिंगा झिजून राहिल्या. पातळ चकत्या किंवा टोचणारे तुकडे असतील तर बेअरिंग किंवा दाते तुटून राहिलेत, गाडी लोडवर पाठवू नका. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडून शहरात पाणी शिरलं होतं तेव्हा जेवढ्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या त्या सगळ्यांचं हे तपासायला पाहिजे होतं, वरून इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी वाचली असं नसते. पाणी बहुतेक ब्रीदरमधून (बॉक्सची हवा सोडणारी छोटी टोपी) जाते. आणि तोच ब्रीदर राखेनं बुजला की बॉक्स गरम झाल्यावर आतला दाब सीलमधून ऑईल ढकलतो, पुढच्या सीलमधून गेलं तर क्लच प्लेटवर. क्लच स्लिप, सील नवीन, परत गळती, परत क्लच. इतक्या छोट्या टोपीपायी.

टो करून आणलेल्या गाडीत नंतर आवाज सुरू झाला, हे पण नेहमीचं. कोंढाळीजवळ इंजिन बंद पडलं, दोर लावून न्यूट्रलमध्ये ओढत वाडीला आणलं. न्यूट्रलमध्ये ओढताना चाकं मेन शाफ्टला फिरवतात पण इंजिन बंद म्हणून ले शाफ्ट थांबलेला असते, आणि ऑईल उडवायचं काम तर त्याचंच. म्हणजे अख्खा रस्ता मेन शाफ्ट कोरडा फिरला. प्रोपेलर शाफ्ट सोडूनच टो करायचं, चार बोल्टचं काम आहे. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांचंही जवळपास असंच, इंजिन आयडलला असल्यानं ले शाफ्ट हळू आणि मेन शाफ्ट जोरात, पोटातलं बेअरिंग मार खाते. आणि ब्रेक गरम होतात ते वेगळंच.

गिअर सटकत असेल तर मात्र थांबायचं. खवाशाच्या पुढं कुरई घाट उतरताना भरल्या गाडीत गिअर निघून न्यूट्रल झाला तर इंजिनचा धरून ठेवणारा जोर क्षणात गायब होतो आणि सगळं वजन ब्रेकवर. दांडा रबराच्या पट्ट्यानं सीटला बांधून चालवणारे आहेत, तो जुगाड कोणालाही शिकवू नका. सटकणं ओढताना होते की सोडताना ते लिहून ठेवा. ॲक्सिलरेटर सोडताना एकच गिअर निघत असेल तर त्या गिअरच्या डॉग दात्यांची (स्लीव्ह ज्यात अडकते ते बाजूचे दाते) एक बाजू, हब, नाहीतर फोर्क झिजलेला असण्याची शक्यता जास्त. वेगवेगळे गिअर निघत असतील तर परत माऊंटिंग, बेल हाऊसिंग आणि लिंकेजकडं.

रिव्हर्स टाकताना खर्र आवाज येतो म्हणून बॉक्स खोलू नका. क्लच पूर्ण दाबा, दहा सेकंद थांबा, मग टाका. तरी खर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाही, ॲडजस्टमेंट, एअर किंवा सिलिंडर बघा. थांबल्यावर आवाज न करता पडला तर फक्त घाई होती, बऱ्याच बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोच नसतो.

एवढं करून बॉक्स खोलायचाच ठरला तर मिस्त्रीला तुमची सगळी निरीक्षणं सांगा, कोणत्या गिअरात, क्लच दाबून की सोडून, गरम की थंड. नुसतं "आवाज येतो" सांगितलं तर तो सगळंच बदलेल नाहीतर चुकीचं बदलेल. ज्या बेअरिंगचा आवाज आहे तेवढंच बदलायचा लोभ नको, त्याचा चुरा ऑईलसोबत सगळीकडं फिरला असते, बेअरिंग आणि सील पूर्ण सेट टाका. सिंक्रो रिंग गिअरच्या कोनवर (निमुळत्या भागावर) दाबून मधात फिलर गेज घालून फट मोजायला लावा, डोळ्यानं रिंग नवीनच दिसते. बॉक्स खाली आहे तोपर्यंत पायलट आणि रिलीज बेअरिंग, क्लच प्लेटच्या स्प्रिंगा, माऊंटिंग रबर, ब्रीदर, सगळं तेव्हाच. जुने पार्ट पोत्यात भरून मागून घ्या, कोणता किती झिजला ते पाहिल्याशिवाय बिल देऊ नका. पहिलं ऑईल थोडं चालवून लवकरच काढून टाका, त्यात जो बारीक चुरा निघेल तो आत ठेवायचा नाही, आणि त्याच दिवशी बेल हाऊसिंगच्या बोल्टवर परत एकदा पाना फिरवा.